ऑफ-पिस्टसाठी बाइंडिंग कुठलं घ्यावं? सॅलोमन शिफ्टचा रिव्ह्यू आणि बाकीच्यांशी तुलना

दर नोव्हेंबरला मला हमखास मेसेज येतात, ताई पावडरसाठी, म्हणजे मऊ ताज्या बर्फासाठी, स्की कुठली घेऊ, मधे 95 मिमी रुंदीची का 105 ची, रॉकर (टोकाला वर वळलेला बाक) किती हवा वगैरे. बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्राबद्दल, क्वचितच कुणी विचारतं. स्कीवर पाच-सहाशे युरो घालायचे आणि उरलेल्या पैशात दुकानदार काढून देईल ते बाइंडिंग वर बसवून घ्यायचं, हाच बहुतेकांचा हिशोब. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. स्की चुकली तर फार तर मजा कमी येईल, बाइंडिंग चुकलं किंवा नीट सेट केलेलं नसलं तर नडगी जाते. मी म्युनिकला राहते, हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गकडे जाते आणि गेले काही सीझन सॅलोमनचं शिफ्ट वापरतेय, तर रिव्ह्यू मुख्यतः त्याचा आहे, पण बाजारात बाकी काय आहे ते शेजारी ठेवून बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

थोडं बेसिक आधी, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा पॅरा वाचा. बाइंडिंगला दोन कामं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत, उतरताना बूट घट्ट धरून ठेवायचा आणि पडलात की पाय मोडायच्या आत सोडून द्यायचा. 1937 साली यालमार व्हाम नावाचा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला स्कीअर पाय मोडून हॉस्पिटलात होता, तिथे त्याला आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली, तोवर बूट स्कीला पट्ट्यांनी जखडलेलाच असायचा आणि पडलं की हाड मोडायचं, आजचं सगळं तंत्र तिथून पुढे आलंय. ऑफ-पिस्टला, म्हणजे तयार केलेल्या उताराच्या बाहेर, यात तिसरं काम येतं ते म्हणजे चढायचं. लिफ्ट जिथे संपते तिथून पुढे स्कीखाली स्किन (मागे न घसरू देणारी पट्टी) लावून चालत जायचं असेल तर टाच मोकळी व्हायला हवी, आणि वर पोचल्यावर तीच टाच परत पक्की बसायला हवी. ही तिन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घेताना कुठेतरी तडजोड होतेच, ती कुठे करायची एवढाच खरा निर्णय असतो.

ऑफ-पिस्टला पायाखाली काय येईल सांगता येत नाही. पिस्ट रात्री मशीननं दाबून सपाट केलेली असते, बाहेर गेलात की वर मऊ पावडर, मग मध्येच वाऱ्यानं कडक झालेला पापुद्रा, मग कालच्या लोकांच्या गोठलेल्या खुणा, खाली लपलेला दगड. स्कीला सारखे बारीक बारीक झटके बसत असतात. चांगलं बाइंडिंग प्रत्येक झटक्याला बूट सोडत नाही, बूट थोडा बाजूला जाऊ देतं आणि स्प्रिंगच्या जोरावर परत मध्यावर आणतं, खरोखरच धोक्याचा जोर आला तरच सोडतं. याला इलॅस्टिसिटी म्हणतात, आणि माझ्या मते ऑफ-पिस्टसाठी बाइंडिंग बघताना वजनाच्याही आधी हे बघावं. कारण उताराच्या मध्यावर कारण नसताना स्की निघणं हे न निघण्याइतकंच वाईट, खाली कडा किंवा झाडं असतील तर जास्तच वाईट.

आता बाजारात काय काय मिळतं ते. साधी अल्पाइन बाइंडिंग्ज, म्हणजे लुकचं पिव्होट किंवा मार्करचं ग्रिफॉन, उतरायला सगळ्यात भरवशाची पण टाच सुटत नाही, त्यामुळे फक्त लिफ्टनं वर जाऊन लिफ्टच्याच खाली येणार असाल तर ती घ्या आणि पुढे वाचायची गरजच नाही. दुसऱ्या टोकाला पिनची बाइंडिंग्ज. 1980 च्या दशकात टिरोलच्या फ्रिट्झ बार्टेलनं ही लो-टेक कल्पना काढली, बुटाच्या पुढच्या टोकात दोन बाजूंना धातूची दोन छोटी भोकं आणि बाइंडिंगच्या दोन पिना त्यात बसतात, टाचेलाही मागून दोन पिना. नंतर डायनाफिटनं ते बाजारात आणलं. वजन इतकं कमी की काही मॉडेल्स तीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात येतात, हजार-दीड हजार मीटर चढणाऱ्यांसाठी याला तोड नाही. पण पारंपरिक पिन बाइंडिंगमध्ये बाजूला सुटण्याचं काम टाचेकडून होतं, पुढचा भाग अल्पाइनसारखा सुटत नाही आणि इलॅस्टिसिटीही कमी असते, त्यामुळे कडक खडबडीत बर्फावर वेगात उतरताना प्रत्येक ठोका थेट पायात जाणवतो. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगते, चढताना पुढची लिव्हर लॉक करतात ती उतरताना उघडायची विसरू नका आणि स्की निघेल या भीतीनं मुद्दाम लॉक करून तर मुळीच उतरू नका. लॉक असताना पुढून बूट सुटतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि हिमस्खलनात अडकलात तर पायाला अडकलेली स्की तुम्हाला खाली ओढते.

मधल्या काळात फ्रेमवाली बाइंडिंग्ज होती, मार्करचं जुनं ड्यूक 2007 पासून, मग बॅरन, सॅलोमनचं गार्डियन. यात अख्खं अल्पाइन बाइंडिंग एका पट्टीवर बसवलेलं आणि चढताना ती पट्टीच बुटाबरोबर वर उचलली जाते, म्हणजे प्रत्येक पावलाला सव्वा-दीड किलोचं लोखंड उचला. सेकंडहँडमध्ये आजही स्वस्तात मिळतात, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त चढायचं असेल तर माझा सल्ला नको असाच राहील.

मग 2018 मध्ये शिफ्ट आलं. सॅलोमन आणि अ‍ॅटॉमिक एकाच ग्रुपमधले, त्यामुळे दोन्ही नावांनी तेच बाइंडिंग मिळतं, आर्माडाच्या नावानंही मिळतं, फरक रंगाचा. कल्पना अशी की पुढच्या भागात दोन्ही गोष्टी आहेत. चढताना पिना पुढे येतात आणि अल्पाइनचे पंख बाजूला होतात, उतरताना लिव्हर फिरवली की पिना बाजूला आणि पंख बूट धरतात, मागचा भाग पूर्ण अल्पाइनचाच. म्हणजे उतरताना पिनेचा काही संबंधच उरत नाही, तुम्ही खऱ्याखुऱ्या अल्पाइन बाइंडिंगवर असता आणि ते अल्पाइनच्याच स्टँडर्डला पास झालेलं आहे. पुढच्या भागाला 47 मिमीची इलॅस्टिसिटी कंपनी सांगते, आणि उतरताना पायाखाली ते खरंच जाणवतं. आर्लबर्गमधल्या श्टुबेन गावाहून आल्बोनाग्रातपर्यंत लिफ्टनं जायचं, तिथून मारोईकॉप्फेकडे स्किन लावून थोडं चढायचं आणि मागच्या बाजूनं खाली, हा माझा सगळ्यात आवडता दिवस. त्या उतारावर वरचा भाग बहुतेक वेळा वाऱ्यानं खाल्लेला, कडक आणि लाटालाटांचा असतो, पिन बाइंडिंगवर तिथे मी दात आवळून उतरायचे, शिफ्टवर त्याच बर्फात वळणं मनासारखी घेता येतात, स्की दबते, सरकते, पण बूट जागेवर येतो. खालच्या पावडरमध्ये दोघांत फारसा फरक कळत नाही हेही खरं, पावडर सगळ्यांनाच माफ करते.

वजन एका पायाला 880 ग्रॅमच्या आसपास. पिन बाइंडिंगच्या दुपटीहून जास्त, पण फ्रेमपेक्षा कितीतरी कमी आणि चढताना त्यातलं सगळं वजन उचलावं लागत नाही कारण मागचा भाग स्कीवरच सरपटत राहतो. तास-दीड तासाची चढाई मला आरामात होते. तीन-चार तासांची असेल तर मांड्या बोलायला लागतात. चढणीसाठी टाचेखाली उंची देणारा सपोर्टही एकच आहे, त्यामुळे खूप तीव्र चढावर पोटऱ्या ताणल्या जातात आणि तुम्हाला जास्त नागमोडी जावं लागतं. रोज मोठ्या चढाया करणाऱ्यानं हे घेऊ नये, त्याच्यासाठी फ्रिट्शीचं टेक्टॉन बघा, साधारण सहाशे ग्रॅममध्ये पुढून बाजूला सुटणारी पिन आणि मागे अल्पाइनसारखी टाच, फार हुशार डिझाईन आहे. मार्करचं किंगपिनही बघा, 2014 चं, पिन बाइंडिंगला टुरिंगच्या (स्कीवर चढून जाण्याच्या) डिन या जर्मन स्टँडर्डचं टीयूव्ही या तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट मिळवून देणारं ते पहिलं, टाच दणकट. आणि उलट दिशेला, म्हणजे कड्यांवरून उड्या मारणारी, 90 किलोची, जोरात स्की करणारी मंडळी असतील तर मार्करचं ड्यूक पीटी, यात चढताना पुढचा वरचा भाग चक्क काढून बॅगेत टाकता येतो आणि दर पायाचे तीनशेएक ग्रॅम कमी होतात, फक्त थंडीत गोठलेल्या बोटांनी तो तुकडा परत लावायचा सराव घरी करून जा.

आता डिनबद्दल, म्हणजे सुटण्याच्या जोराच्या सेटिंगबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत जो आकडा दिसतो तो किती जोर आला की बूट सुटेल त्याचा. तो तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी मिमीमध्ये आणि तुम्ही जपून, मध्यम का आक्रमक स्की करता यावरून ठरतो, त्याचं आयएसओ 11088 हे स्टँडर्ड आहे आणि दुकानात त्याचा तक्ता असतो. पन्नाशीच्या पुढे गेलात की तक्त्यात एक पायरी खाली येतात. मित्रमंडळींत मोठा आकडा म्हणजे मोठा स्कीअर असं एक खूळ असतं, कृपा करून त्याच्या नादी लागू नका. माझ्यासारखी साठएक किलोची, मध्यम वेगानं जाणारी बाई असेल तर आकडा पाचच्या आसपास निघतो. शिफ्टचं जे मोठं मॉडेल आहे त्याची रेंज 6 ते 13, म्हणजे ते माझ्या कामाचंच नाही, मला 4 ते 10 वालं घ्यायला हवं आणि मी तेच घेतलं. हलक्या वजनाच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, हे आधी बघावं, कारण सेलमध्ये मोठं मॉडेल स्वस्तात दिसतं आणि लोक सहावर ठेवून काम भागेल म्हणतात. नाही भागत. तुमचा आकडा रेंजच्या मध्यात कुठेतरी यावा, अगदी कडेला नको. बाइंडिंगचं हे सगळं स्टँडर्ड मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनलेलं आहे हेही लक्षात ठेवा, गुडघ्याच्या लिगामेंटची हमी कुठलंच बाइंडिंग देत नाही.

आणि खिडकीतला आकडा म्हणजे फक्त स्केल. स्प्रिंग जुनी होते, ग्रीस सुकतं, सोल झिजतो, आणि पाचवर ठेवलेलं बाइंडिंग प्रत्यक्षात सहाचा जोर मागतं. म्हणून टेस्ट मशीन. माझ्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये एक वयस्कर मेकॅनिक आहेत, ते बूट बाइंडिंगमध्ये बसवतात, मशीनचा दांडा बुटात घालतात आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे जोर देऊन बूट सुटेपर्यंत वळवतात, स्क्रीनवर न्यूटन मीटरमध्ये आकडा येतो, तक्त्याशी जुळला नाही तर स्क्रू पाव वळसा फिरवून परत तेच. शिफ्टमध्ये ते आणखी एक गोष्ट बघतात. चवड्याखाली जी सरकती पट्टी असते तिची उंची स्क्रूनं बदलता येते, कारण अल्पाइन, ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित गोलसर) आणि टुरिंग असे वेगवेगळ्या जाडीचे सोल या एकाच बाइंडिंगमध्ये बसतात. ते बूट आणि पट्टीच्या मध्ये साधा कागद घालतात आणि ओढतात. कागद फाटता कामा नये, सुळकन निघूनही येता कामा नये, थोडा अडकत अडकत यायला हवा. ही उंची चुकली तर पुढचं सुटणं सगळंच चुकतं, आणि वापरता वापरता ती हलू शकते, त्यामुळे सीझनमध्ये अधूनमधून घरीच कागद घालून बघायची सवय लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मागची टाच बुटावर किती दाबून बसलीय त्याचीही खूण बाइंडिंगवर असते, बूट बदलला की तीही परत बघायची. या मेकॅनिक काकांच्या हातून सेट करून घेतलेलं साधं बाइंडिंग मला कुणीही कसंही बसवलेल्या महागड्या बाइंडिंगपेक्षा कधीही चालेल.

बुटाचं बघायला विसरू नका. शिफ्टला चढायचं असेल तर बुटाच्या पुढच्या टोकाला पिनची भोकं हवीतच, मागे नसली तरी चालतात. ज्यांच्याकडे जुना अल्पाइन बूट आहे त्यांना उतरता येईल पण चढता येणार नाही, म्हणजे बाइंडिंगबरोबर बुटाचाही खर्च धरा. ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीइतकी किंवा थोडी जास्त, 98 च्या स्कीला 100 चा ब्रेक बरोबर, 120 चा घेतलात तर तो बाहेर येऊन कडक बर्फात घासतो.

घरी ड्रिल करायचा मोह होतो लोकांना, व्हिडिओ बघून. स्कीत एकदा भोकं पडली की पडली. धातूची शीट असलेल्या स्कीला 4.1 मिमीचा ड्रिल लागतो, नसलेल्याला 3.5 चा, खोली 9 मिमी, आणि दोन्ही पायांची भोकं एका रेषेत यायला जिग (ड्रिलची जागा पक्की धरणारा साचा) लागतो. चाळीस-पन्नास युरो वाचवायला एवढी जोखीम घेऊ नये असं मला वाटतं. स्क्रू मात्र ओळखून ठेवा, बाइंडिंगचे स्क्रू पोझिड्राइव्ह 3 नंबरचे असतात, साधा फिलिप्स लावलात की डोकं घासून जातं. माझ्या बॅगेत एक छोटा पोझिड्राइव्ह कायम असतो.

प्रत्यक्ष वापरात शिफ्टला थोडी शिस्त लागते. चढून वर आलं की स्की काढायची, पुढच्या भागात आणि बुटाच्या पिनच्या भोकांत साठलेला बर्फ काठीच्या टोकानं साफ करायचा, लिव्हर फिरवायची, पंख नीट उभे राहिलेत का बोटानं तपासायचं, ब्रेक मोकळे करायचे, सोलखालचा बर्फ खरवडायचा आणि मगच टाच दाबायची. चवड्याखाली बोटभर बर्फ राहिला तर बूट नीट बसलेला वाटतो पण बसलेला नसतो. पिन बाइंडिंगवाले मित्र तोवर तयार होऊन उभे असतात, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे, मला त्याचं काही वाटत नाही. खोल पावडरमध्ये ब्रेकचा उपयोग नाही, स्की सुटली की बर्फाखाली घुसते आणि तास तास सापडत नाही, तेव्हा पावडर रिबन लावा, म्हणजे स्कीला बांधलेली लांब रंगीत पट्टी जी पँटच्या खाली गुंडाळून ठेवतात. पायाला दोरीनं पक्की बांधू नका, कारण वर सांगितलं तेच, हिमस्खलनात स्की सुटायला हवी.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी गुलमर्गचं वेगळं लिहिते. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा 2005 मध्ये सुरू झाला तो अफरवटला सुमारे 3,950 मीटरवर सोडतो, आणि तिथून बाहेर पडलं की जवळजवळ सगळंच ऑफ-पिस्ट. इतक्या उंचीवर थेट लिफ्ट आणि समोर एवढा मोकळा उतार फार कमी ठिकाणी मिळतो. तिथे बरेच जण फक्त अल्पाइन बाइंडिंगवर स्की करतात आणि मुख्य बोलमध्ये, म्हणजे वाटीसारख्या मोठ्या उतारावर, ते ठीकच आहे. पण वारा किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे वरचा टप्पा बंद राहतो, कधी सलग काही दिवस, आणि मग झाडीतून स्किन लावून चढणाऱ्यांचाच दिवस वाया जात नाही. कडेच्या धारेवर थोडं चालत जायलाही टाच मोकळी लागते. म्हणून गुलमर्गसाठी शिफ्टसारखं हायब्रिड मला सगळ्यात योग्य वाटतं. हवेतला ऑक्सिजन कमी असल्यानं चढाई आपण तिथे फार लांब करत नाही, त्यामुळे वजन तेवढं बाधत नाही. पण डिन आणि चवड्याखालच्या पट्टीची उंची सगळं घरूनच तपासून न्या, सुटे स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इन बॅगेत टाका, तिथे ऐनवेळी पार्ट मिळेल या भरवशावर राहू नका. पाय मोडला तर श्रीनगर पन्नासएक किलोमीटर खाली आहे, बर्फातला रस्ता. आणि ट्रान्सिव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि स्थानिक गाइड यांच्याशिवाय बोलच्या बाहेर पाऊल टाकू नका, फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्गला हिमस्खलनात परदेशी स्कीअर गेलेत.

किंमत जुन्या शिफ्टची इथे साधारण चारशे-साडेचारशे युरोच्या आसपास होती, सीझन संपताना कमी व्हायची. आता त्याची सुधारलेली पुढची आवृत्तीही आलीय, वरचं सगळं मी जुन्याबद्दल लिहिलंय. सेकंडहँड घ्यायचं असेल तर एक चौकशी जरूर करा, कंपन्या दरवर्षी कुठली मॉडेल्स अजून सपोर्टमध्ये आहेत त्याची यादी दुकानांना देतात, यादीबाहेरचं बाइंडिंग बरीच दुकानं सेट करून द्यायला नकार देतात, मग ते कितीही स्वस्त असो. स्कीवर आधीची भोकं किती आहेत ते मोजा, नव्या भोकात आणि जुन्या भोकात सेंटिमीटरभर तरी अंतर हवं. विकणाऱ्याकडून बाइंडिंगचा प्लास्टिकचा भाग पिवळट पडलाय का, पंख दोन्ही बाजूंना सारखे परत येतात का याचा फोटो नाही, व्हिडिओ मागून घ्या.